टीव्हीच्या आधी मल्लूकाका

आमच्या घरात गोलंदाज धावायला लागायच्या आधीच फलंदाज बाद होत असे. पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटीला घासत उभा असायचा, आणि इकडे खुर्चीतून मल्लूकाकांचा आवाज यायचा, "गेला! नोडो, बग की, गेला म्हनलो का न्हाय!" मग आम्ही सगळे मुकाट्याने त्या फलंदाजाकडे बघत बसायचो. तो हातमोजे घट्ट करतोय, जोडीदाराला काही सांगतोय, आणि आम्हाला ठाऊक की याची दांडी उडणार. मयताला आल्यासारखे आम्ही गप्प. काकांच्या मोबाईलवर धावा आधी यायच्या आणि आमच्या गच्चीवरच्या छत्रीतून चित्र नंतर उतरायचं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण त्यांचा थाट असा, की विकेट जणू त्यांनीच काढली.

मल्लूकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, आप्पांचे, लहानपणापासूनचे मित्र. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतच आमच्यापासून दोन बोळ सोडून राहायचे. वीज कचेरीतून निवृत्त झाले, पुण्याच्या मुलाने मोठा मोबाईल पाठवला, आणि तेव्हापासून आमच्या संध्याकाळची वाट लागली. आता ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण मला ते जमणार नाही. माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे आणि ती मालिकांची मजा घालवण्यापुरती नाही. आप्पांचा उजवा डोळा गेला, डावा निम्मा उरला, त्यात या माणसाचा हात आहे असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते. आमच्या ह्यांना ते पटत नाही. न पटू दे.

साडेसातची मालिका ही माझी दिवसभरातली एकच चैन. पोळ्या उरकून, पदराला हात पुसत मी बसायचे. त्या मालिकेत एक मिशावाला दीर होता, सरळमार्गी, भावासाठी झिजणारा. तो दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय, त्याची बायको देवाला साकडं घालतेय, माझ्या डोळ्यांत पाणी आलंय, आणि काका चष्मा कपाळावर चढवून मोबाईल नाकाला लावून वाचताहेत, "शुक्रवारी मरतंय ते. दुसऱ्या चॅनेलवर काम मिळालंय त्याला, पोलिसाचं." माझं पाणी जिथल्या तिथे आटलं. वर आणखी, "आन ती सासू हाय की नाय, ती सुनेपेक्षा दोनच वर्षांनी मोठी हाय. फोटो बगतीस?" मला फोटो बघायचा नव्हता. मला मनसोक्त रडायचं होतं.

मालिका असो, सामना असो, जंगलातले प्राणी असोत, कुठलीही गोष्ट नुसती बघायची म्हणजे काकांना पाप वाटायचं. पडद्यावर मगर आली की मोबाईलवर मगर काढायची. तिला दात किती, ती जगते किती, अंडी घालते किती. एकदा भाज्यांवर कार्यक्रम लागला होता. काकांनी लगेच गाजर काढलं आणि मोठ्याने वाचलं, की गाजर डोळ्यांना लई चांगलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा सकाळी गाजराचा रस मागायला लागले. मधुमेहाचा माणूस, रस कशाला, असं मी म्हणून पाहिलं. पण मल्लूने वाचलेलं म्हणजे आमच्या घरात वरच्या कोर्टाचा निकाल. मी रोज गाजरं किसत होते, पिळत होते, आणि मनात काकांना शिव्या घालत होते.

वायफायचा पासवर्डसुद्धा मी बदलून पाहिला. त्या संध्याकाळी काका आले, खुर्चीत बसले, थोडा वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुमचं नेट गेलंय वाटतं. काय काळजी करू नगंस पोरी, माझं हाय की." आणि स्वतःच्या नेटवर त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आप्पा खुदकन हसले.

त्यांची बसायची जागासुद्धा मला खटकायची. आप्पांच्या डाव्या हाताला, खुर्चीला खुर्ची लावून, जवळजवळ कानात तोंड. पहिल्यांदा ते नुसतं पुढचं सांगत. पुढे पुढे समोर दिसणारंही सांगायला लागले. "हिरवी साडी नेसून आलीय. दारात उभी हाय. मागं तिचा नवरा, हातात पिशवी." एके दिवशी माझा ताबा सुटला. म्हटलं, "काका, समोर दिसतंय ते तरी सांगू नका. आम्ही काय आंधळे आहोत का?" काका मोबाईलवर बोट फिरवत राहिले. मग आप्पाच म्हणाले, "असू दे गं. त्याच्याबिगर मजा न्हाय." मी रागाने आत जाऊन भांडी आपटली.

त्याच दिवसांत आमच्या साडीच्या दुकानात एक प्रकार झाला. आप्पांनी पन्नास वर्षं त्या गादीवर इरकली साड्या विकल्या. अक्कलकोटकडच्या बायका यायच्या, आप्पा त्यांच्याशी कानडीत गप्पा मारायचे, पदर बोटांत धरून सूत कसलं ते सांगायचे. अशाच एका जुन्या गिऱ्हाइकाने हिरवी मागितली आणि आप्पांनी निळी उलगडली. बाई म्हणाली, "अप्पा, हसिरु री, हसिरु," म्हणजे हिरवी हो, हिरवी. आप्पा हसून म्हणाले, दुकानात उजेड कमी झालाय. आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी दोन नवे दिवे लावले.

मे महिना होता. सोलापूरचं ऊन खाऊन माणसं संध्याकाळी भिजल्या चादरीसारखी पडलेली असतात. कूलर घरघरत होता. माझी मुलगी आत अभ्यास करत होती म्हणून टीव्हीचा आवाज बंद. सामना चालू होता, काका सांगत होते, आप्पा ऐकत होते, मी शेंगा निवडत बसले होते. काका ओरडले, "चौकार! काय मारलाय यप्पा!" आणि आप्पांनी मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवल्या, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

मी वर पाहिलं. पडद्यावर आपला फलंदाज मान खाली घालून परत चालला होता. दांडी उडाली होती, समोरचे सगळे नाचत होते.

घोटाळा काय झाला ते माझ्या आधी काकांच्या लक्षात आलं. टीव्हीवर जुना सामना दाखवत होते. मोबाईलवर त्याच दोन संघांचा आजचा सामना चालू होता. काका मान वर न करता मोबाईलमधलं वाचत होते आणि त्यांना वाटत होतं की दोन्ही एकच. त्यांनी आप्पांची बाही ओढली. आप्पा टाळ्या वाजवतच होते. त्यांचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच, ते काकांकडे कललेलं होतं.

मी उठले, टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. मी हात वर केला, बोटं हलवली. आप्पा तसेच हसत होते. "आता कोन आलाय खेळायला?" त्यांनी विचारलं. काकांनी मोबाईल पालथा घातला आणि जमिनीकडे बघत बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की साखरेने आतला पडदा खाल्लाय. उजव्यात काही उरलं नाही. डाव्यासाठी प्रयत्न करू. "सुरुवातीला आणलं असतं तर बरंच वाचलं असतं," असं ते म्हणाले, आणि गाजराचा रस ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

घरी आल्यावर मी काकांना दारातच धरलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हौदु," म्हणजे हो, ते म्हणाले. घाबरले की ते कानडीत शिरायचे.

"कधीपासून?"

"गड्ड्याच्या जत्रेपासनं. पाळणा कुटं हाय म्हनून मला इचारला. पाळणा समोरच व्हता."

जानेवारीतली जत्रा. म्हणजे पूर्ण चार महिने हा माणूस आमच्याकडे रोज चहा प्यायला आणि गप्प बसला. मी म्हटलं, "जगातल्या नट्यांची वयं सांगता. मगरीचे दात सांगता. कोण कधी मरणार ते सांगता. एवढी एक गोष्ट सांगता आली नाही तुम्हाला?"

"त्यानं सिद्धेश्वराची शपथ घातली, पोरी. कळलं तर गादीवरनं उठवतील म्हनला. पोरगा उठवंल, घरात बसवंल, मग मी काय करू म्हनला." काकांनी मोबाईल या हातातून त्या हातात घेतला. "मी मोबाईलवर असतंय ते सांगतो. हे मोबाईलवर न्हवतं. हे त्यानं मला सांगितलं व्हतं."

ऐकायला बरं वाटतं हे. मैत्री, शपथ, वगैरे. आमचे हे तर ऐकून रडले. मला रडू आलं नाही. मला समोर आप्पांचा डोळा दिसत होता, जो जानेवारीत दवाखान्यात नेला असता तर आज इरकलीचा काठ बघू शकला असता. मी काकांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

ते खरंच आले नाहीत. साडेसातला मी आप्पांशेजारी बसायला लागले. दिसेल ते सांगायचं, एवढं सोपं काम, पण मला ते जमेना. मालिका रंगली की मी सांगायचं विसरायचे. आप्पा वाट बघून विचारायचे, "आता काय?" मी म्हणायचे, "अं? काही नाही, रडतेय." "कोन रडतंय?" "तीच हो." मग आप्पा "बरं" म्हणायचे. त्यांचं ते बरं ऐकून मला काकांचा आणखी राग यायचा.

आठवड्याभरात आप्पांचा फोन साडेसातच्या ठोक्याला वाजायला लागला. आप्पा तो चाचपून उचलायचे, छातीवर ठेवायचे आणि त्यातून मल्लूकाका बोलायचे. आपल्या घरी बसून, तीच मालिका लावून. "लाल लुगडं. डोळे बग कसे वटारलेत. थांब, आता सासू येती." घरात बंदी घातलेला माणूस आप्पांच्या छातीवर बसून माझ्या मालिकेचा बट्ट्याबोळ करत होता. आणि त्यांचं चित्र आमच्या आधी येत असल्यामुळे सासू खरंच नंतर यायची. मी फोन काढून घेऊ शकले असते. आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही घेतला. पण खोटं कशाला बोलू, मी काकांना परत बोलावलंही नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी फोन वाजला नाही. दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या काकांच्या सुनेने माणूस पाठवला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आप्पांना हाताला धरून मी दोन बोळ पलीकडे घेऊन गेले. आप्पांनी काकांचा चेहरा बोटांनी चाचपला, साडीचा पोत बघतात तसा, आणि विचारलं, "चष्मा कुटंय ह्याचा? कपाळावर न्हाय." मी चष्मा शोधून त्यांच्या हातात दिला. माझा राग जागेवर होता, पण त्या घरात तो दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आप्पांची तपासणी होती. त्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. डावा डोळाही तग धरत नाही. इंजेक्शनांचा उपयोग होत नाही. जेवढा उजेड दिसतोय तेवढा दिसेल, मग तोही जाईल.

रिक्षात आप्पांनी विचारलं, "काय म्हनला डॉक्टर?"

औषध चालू ठेवा म्हणाले, असं सांगायचं मी दारापासून ठरवून आले होते. शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात वाटलं, हे बोलले तर त्या माणसात आणि माझ्यात काय फरक राहिला?

"डावाही जाणार, आप्पा."

रिक्षा गर्दीत अडकली, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग त्यांनी माझा हात शोधला. "कदी?"

"ते काही सांगितलं नाही त्यांनी."

"मल्लू असता तर मोबाईलमदनं तारीख काढला असता," आप्पा म्हणाले. आणि हसले. मला हसू आलं, आणि मग जे रडू मालिका बघताना कधी पुरं होऊ दिलं नव्हतं त्या माणसाने, ते सगळं रिक्षात बाहेर पडलं. आप्पा माझा हात थोपटत होते. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, मल्लूकाकांना. करणारही नाही. पण ते नसल्याचं मला सोसत नाही, हेही खरं आहे.

त्या संध्याकाळी साडेसातला मी डाव्या बाजूची खुर्ची आप्पांच्या खुर्चीला लावली. मिशावाला दीर मेल्यावर मालिकेत एक वकील आणला होता, दाढीवाला, सगळ्यांचं भलं करणारा. तो सुनेचा खटला लढत होता. मी मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि शोधलं. मग आप्पांच्या कानाशी तोंड नेलं.

"आप्पा, हा वकील आहे ना? शुक्रवारी मरतोय."

आप्पा खुर्चीत सरळ झाले. "कोन, दाढीवाला?" ते म्हणाले. "अगं बाई! कसा मरतंय, सांग की!"