शेडसकट डोंगर

शैलजाताई नेवसे यांची आणि माझी ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली, तीही जागेवरून. लग्नानंतर मी पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला होता आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नुकताच लागलो होतो. पहिल्याच दिवशी खिडकीजवळची जागा पकडून बसलो. निगडीला चढलेल्या एक बाई माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"जागा कुणाच्या नावाची नाही," त्या म्हणाल्या, "पण या खिडकीतून पुढे एक डोंगर दिसतो. तुला बघायचा नसेल तर मी बसू का?"

"बसा की. तो आमच्याच गावामागचा डोंगर आहे. लहानपणापासून बघतोय."

"असं? मग तूच बस, मी शेजारी बसते. नाव काय त्याचं?"

वाघजाईचा डोंगर, मी सांगितलं. त्या माझ्याच विभागाच्या प्रमुख आहेत, हे बसमधून उतरल्यावर कळलं.

आज ताई साठीत पदार्पण करत आहेत. सह्याद्रीतले डोंगर, कडे, कातळाचे सडे आणि त्यांवरची फुलं गेली कित्येक वर्षं त्या कॅमेऱ्यात टिपत आल्या आहेत. त्यांची प्रकाशचित्रं आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती कशी घडतात, हे जवळून पाहण्याचं भाग्य मला लाभलं, कारण पुढे रविवारी त्यांचा ट्रायपॉड वाहून नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

ताईंचा संयम हा आमच्या विभागात चेष्टेचा विषय होता. एकदा मावळातल्या एका पठारावर पहाटेपासून आम्ही ढग हटण्याची वाट पाहत बसलो. दुपार झाली, डबे संपले, ढग काही हटले नाहीत. ताईंनी शांतपणे कॅमेरा पिशवीत ठेवला. "आज डोंगराची साप्ताहिक सुट्टी दिसते," एवढंच म्हणाल्या आणि खाली उतरू लागल्या. दुसऱ्या एका वेळी चौकटीत करवंदीची फांदी येत होती. मी ती मोडायला हात घातला, तर त्यांनी मला थांबवलं. "ती आपल्या आधीपासून इथं आहे. आपण सरकू." मग ट्रायपॉड घेऊन आम्हीच सरकलो, आणि त्या खटाटोपात मी करवंदीच्या काट्यांत बसलो. ताईंनी घरी जाईपर्यंत हसू आवरलं, हा त्यांचा मोठेपणा.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. डोंगराच्या चित्रात विजेचे खांब, तारा, टाक्या, पत्र्याची छपरं यांतलं काही दिसता कामा नये. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे फार अवघड. पण ताई तासन्‌तास जागा शोधत आणि नेमका तेवढाच निर्मळ तुकडा पकडत. हा नियम कसा बदलला, ते सांगण्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. गावाकडून त्यांना मी फ्लॅटवर आणलं. डॉक्टर म्हणाले, पाय परत चालतील, पण त्यांनी उठायला हवं. अण्णा उठेनात. जन्म शेतात आणि डोंगरावर गुरांमागे गेलेला माणूस. खिडकीतून समोरच्या इमारतीची गॅलरी तेवढी दिसायची. त्यांनी बोलणं सोडलं, जेवण कमी केलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीकडे ते पाठ करून पडत. घरात आम्ही सगळे हवालदिल झालो होतो.

मी बसमध्ये गप्प असे. ताईंनी एकदाच कारण विचारलं. पुढच्या रविवारी त्या घरी आल्या, वाघजाईच्या डोंगराचं मोठं चित्र घेऊन. कोवळ्या उन्हात न्हालेला हिरवागार डोंगर. इतका सुंदर मीही तो कधी पाहिला नव्हता.

अण्णांनी बराच वेळ चित्राकडे पाहिलं. मग कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"ह्यो आपला न्हाई."

"आपलाच आहे, अण्णा," मी म्हणालो.

"मंग शेड कुठं हाय? ह्यो संतोष कामाला जातो ती कंपनी?" माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "अण्णा, शेडमुळं चित्र बिघडतं. म्हणून मी ती बाजू घेतली नाही."

"बिघडू द्या की, ताई. मी गुरं चारायचो तवा शेड नव्हती. आता हाय. प्वार तितं भाकरी मिळवतंय. हाय ते हाय म्हणावं."

एखाद्या नावाजलेल्या कलावंताला हे लागलं असतं. ताईंनी चित्र उचलून पुन्हा एकदा निरखलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पुन्हा जाते."

त्या पुन्हा गेल्या, मी सोबत होतो. शेडसकट डोंगर घ्यायचा म्हटल्यावर त्यांना सगळं नव्यानं शिकावं लागलं. पत्र्यावरून ऊन परावर्तित व्हायचं आणि डोंगर काळा पडायचा. दोन-तीन रविवार हात हलवत परतलो. अखेर एका सकाळी विरळ धुकं होतं, ऊन मऊ होतं, पहिल्या शिफ्टचे लोक फाटकातून आत जात होते आणि त्यांच्या मागे वाघजाईचा डोंगर उभा होता. ताईंनी एकच चित्र घेतलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

ते चित्र त्यांनी अण्णांच्या पलंगापासून लांब, पलीकडच्या भिंतीवर लावलं. "इथून नीट दिसंना," अण्णांनी तक्रार केली.

"खिळा तिथंच होता, अण्णा. जवळून बघायचं तर यावं लागेल."

दोन दिवस अण्णा धुमसत राहिले. तिसऱ्या दिवशी व्यायामाची मुलगी आली, तेव्हा त्यांनी स्वतःहून हात पुढे केला. तिच्या आधाराने ते भिंतीपर्यंत गेले आणि बोट लावून तिला आमची विहीर कुठे होती ते दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात माझी आई पदराने डोळे पुसत होती. आज अण्णा काठी घेऊन सोसायटीला फेऱ्या मारतात आणि वॉचमनला शेतीचे सल्ले देतात.

चिंचवडच्या प्रदर्शनात ताईंनी हेच चित्र दर्शनी भागात लावलं. एका जाणत्या परीक्षकांनी सुचवलं की, डोंगरावरून आडवी गेलेली विजेची तार तेवढी पुसून टाकता आली असती. ताई नम्रपणे म्हणाल्या, "आली असती. पण मग अण्णा मला घरात घेणार नाहीत." पहिली शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी आमच्या कंपनीतले कामगार गणवेशातच आले. "भावा, ती बघ आपली शेड," असं म्हणत ते चित्राशेजारी उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो कुठल्याही पुरस्काराच्या वेळी मी पाहिलेला नाही.

आता ताई निवृत्त होत आहेत. हिमालयात कधी जाणार, असं परवा कुणीतरी त्यांना विचारलं. "जायचंय ना," त्या म्हणाल्या, "आधी इथलं संपू दे." ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करता साथ देवोत, आणि इथलं त्यांचं काम कधीच न संपो. हिमालयाला थोडं थांबावं लागेल. त्याला कुठे घाई आहे.