शेवंतामावशीचा नारळ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. घशाशी आलंय, एवढंच.

सांगलीतलं आमचं जुनं थिएटर. नाटकं, तमाशा, लावणी, जादूचे प्रयोग, ऑर्केस्ट्रा — तिथं काय झालं नाही? पुरात खुर्च्या कुजल्या, पडदा गेला, मग कुलूपच लागलं. पुढं नूतनीकरणाची समिती झाली आणि मी तिचा सचिव. निवृत्त शिक्षक, पांढरा झब्बा. लोकांना थिएटरचा इतिहास सांगायलाही मीच. त्यात नाटकं तेवढी ठेवली, लावणी गाळली. लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात — मी तर ते बदलूनच टाकले.

कारण त्याच स्टेजवर मी ढोलकी वाजवायचो. शेवंतामावशीच्या लावणीला. सख्खी मावशी नव्हे. आई गेल्यावर तिनं मला सांभाळलं, तिच्या बिदागीवर मी बी.एड. झालो. नोकरी लागली आणि ढोलकी सुटली — नाही, खोटं कशाला, मी ती लपवली.

आमच्या थिएटरवाल्यांची एक रीत आहे. जुन्या स्टेजवर शेवटचा खेळ ज्याचा, नव्या स्टेजवर पहिला नारळ त्याच्या हातचा. शेवटचा खेळ मावशीचा होता. रहिमतपूरहून तिचा फोन आला, "कवा हाय रं उद्घाटन? नारळ घिऊन येते. त्या फळीवर येकदा पाय ठेवला की मी मरायला मोकळी."

पहिल्या रांगेत माझे होणारे व्याही बसणार होते. आणि मावशी माईकवरून म्हणणार, ह्यो माझा ढोलकीवाला — मला दिसतच होतं ते. उद्घाटन शनिवारी होतं. मी तिला म्हणालो, रविवारी.

शनिवारी नारळ प्रमुख पाहुण्यांनी फोडला. टाळ्या मीही वाजवल्या. रविवारी ती नऊवारी नेसून आली. वॉचमन म्हणाला, आजी, कालच झालं की. मला फोन लावला असेल तिनं. मी तो संध्याकाळपर्यंत बंद ठेवला होता. बराच वेळ पायरीवर बसली, पायरीला हात लावला, नारळ तिथंच ठेवून गेली. हे वॉचमननंच नंतर सांगितलं, तो नारळ माझ्या हातात देऊन. बायकोनं त्याची चटणी केली. मी खाल्ली.

त्या रविवारी संध्याकाळी मावशीचा फोन आला होता. शिव्या घालील वाटलं. घालायला हव्या होत्या. ती म्हणाली, "माजाच दिस चुकला बग. डोस्कं काम देत न्हाई आता."

आणि मी काय म्हणालो? — असू दे मावशी, वय झालं.

तेव्हापासून तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. एकटी गाडीत बसत नाही. गल्लीतल्या पोरींना लावणी शिकवायची, तेही थांबवलं — बोल विसरेन म्हणते. ती काही विसरलेली नाही, हे जगात मला एकट्याला माहीत आहे. कितीदा तोंडाशी येतं — आणि मी गिळतो. जीव नकोसा होतो, तरी गिळतो.

रोज सकाळी ती मला फोन करून विचारते, "आज वार कंचा रं?" मी खरा वार सांगतो. मग ती म्हणते, "तू हायस म्हणून बरं."