अण्णांचं उठणं

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, छत्तीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहून काम केलं. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही गुडघे झिजलेले होते.

आई गेल्यावर मी त्यांना व्हाइटफील्डला माझ्या फ्लॅटवर आणलं. उठताना कळ आली की त्यांच्या तोंडून दबकं ‘अम्मा’ निघायचं. मला ते ऐकवत नसे. म्हणून मी हळूहळू त्यांची सगळी कामं काढून घेतली. पाणी हातात, ताट हातात, पेपर हातात. ते जरा हलले की लॅपटॉपवरची मीटिंग म्यूट करून मी सांगायची, “अण्णा, बसा. मी आणते.”

ते बसायचे. कधी चिडले नाहीत. मला वाटायचं, सुखात आहेत.

आठ महिन्यांनी एका सकाळी त्यांना खुर्चीतून उठताच येईना. पडले नव्हते, कुठे लागलं नव्हतं. हातांवर जोर देऊन तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, “होत नाही गं.” पायजमा वर सारून पाहिलं तर मांड्या पार वाळलेल्या. तो पायजमा रोज मीच धूत होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून फिजिओथेरपीच्या एक बाई घरी आल्या. त्यांनी विचारलं, “दिवसातून किती वेळा उठतात हे?”

अण्णाच म्हणाले, “दोनदा. बाथरूमला. हिला भीती वाटते, म्हणून बसून राहतो.”

मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले.

बाईंनी खुर्चीवर दोन उशा रचून ती उंच केली. सकाळ-संध्याकाळ पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. “दुखेल,” त्या म्हणाल्या, “पण दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. कळ थोड्या वेळानं उतरत असेल, तर सोडू नका.”

पहिल्या दिवशी दोनदाच जमलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तोंड फिरवलं. “वय झालं माझं. पुरे आता.” मीही ‘सरी’, बरं, म्हणून सोडून दिलं. पुढच्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “ओंदु... एरडु...” कारखान्यातल्यासारखे ते कन्नडमध्ये मोजत होते. चौथ्याला थांबले. घामानं सदरा भिजला होता.

दीड महिन्यानं एक उशी काढली, मग दुसरी. त्यानंतर काठी घेऊन लिफ्टपर्यंत चालणं सुरू झालं. पहिल्यांदा निघालो तेव्हा मी दंड धरला होता. “हात सोड,” ते म्हणाले. “स्वल्प मागं राहा.” मी दोन पावलं मागे राहिले. त्यांचा तोल जरा गेला की माझे हात आपोआप पुढे होत आणि मी ते मागे घेई.

दुखणं गेलेलं नाही. गारठ्यात ते दोन-दोन दिवस पलंग सोडत नाहीत. मध्ये तापानं झोपवलं, तेव्हा सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. डॉक्टर म्हणतात, असंच चालायचं.

आता आंघोळ ते स्वतः करतात, स्टुलावर बसून, कडी न लावता. मी बाहेर उभी असते. पाण्याचा आवाज थांबतो तेव्हा दारावर हात जातो, पण मी ढकलत नाही. जरा वेळानं तांब्या पुन्हा बादलीत बुडल्याचा आवाज येतो.