मुतलकची गाडी आणि शम्लानची नजर

वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत मुतलकच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. हे त्याचं स्वतःचं म्हणणं, आणि या विषयात त्याच्याहून जाणकार माणूस अख्ख्या कुवेतमध्ये सापडला नसता. शाळेत दोनदा नापास झाला, ते मास्तरांची अक्षरं फळ्यावर तिरकी यायची म्हणून. नवी जीप भिंतीवर घातली, कारण भिंत जरा पुढे बांधली होती. पाणीखात्याच्या कचेरीत तीस वर्षं बसला. निवृत्तीच्या दिवशी टेबलावरचा कागदांचा डोंगर बघून साहेबांनी विचारलं, "हे काय?" मुतलक म्हणाला, "लोक फार अर्ज करतात हो."

अशा निर्दोष माणसाने निवृत्तीनंतर रिमोटवरची शर्यतीची गाडी घेतली. तिला खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे. हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, आणि वेग असा की डोळा लवेस्तोवर कुंपणाला जाऊन थडकावी. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी, नमाज आणि मच्छीभाताचं जेवण आटोपलं की शहराबाहेरच्या मैदानावर मंडळी जमायची. पांढरेशुभ्र अंगरखे घातलेले, पोटं सुटलेले, नातवंडं झालेले बाप्ये उंच माचावर ओळीने उभे राहायचे आणि खालच्या मातीत गाड्या पळवायचे. शेजारी मंडळींपैकीच अबू राकानचा तंबू होता. गालिचे, लोड, कहव्याची किटली, आणि शर्यत हरल्यावर कारणं सांगायला भरपूर वेळ.

कारणांची गरज सगळ्यात जास्त मुतलकला लागायची. पाच मिनिटांची शर्यत. दोन मिनिटं त्याची गाडी अशी सुसाट सुटायची की बाकीच्यांनी घरी जावं. तिसऱ्या मिनिटाला बॅटरी तापायची, गाडी रखडायला लागायची, आणि चौथ्याला अबू राकानची गाडी तिला वळसा घालून पुढे निघायची. अबू राकान वरून हॉर्नसारखा आवाज काढायचा, तो वेगळाच.

"दुकानदाराने जुनी बॅटरी गळ्यात मारली," मुतलक म्हणायचा. पुढच्या शुक्रवारी चार्जर भिकार निघाला. मग धूळ आली. मग थंडीतलं ऊन. मग बॅटरी बनवणारा कारखाना, त्या कारखान्याचा देश आणि त्या देशाची एकंदर नियत.

खरं कारण शम्लानने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शम्लान म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, विधुर, मूलबाळ नसलेला माणूस. त्याची स्वतःची गाडी नव्हती. त्याच्याकडे लांबूनच तापमान सांगणारा थर्मामीटर होता, आणि शर्यत संपली की तो प्रत्येकाच्या बॅटरीवर तो रोखून आकडा सांगायचा. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून गुरुवारी संध्याकाळीच अंगरख्याला इस्त्री करून ठेवायचा. शुक्रवार हाच त्याचा आठवडा होता.

"अबू दुऐज," तो मुतलकला म्हणाला होता, म्हणजे दुऐजचा बाप, कारण मुतलकच्या थोरल्या मुलाचं नाव दुऐज. "मोटरवरचं ते दातेरी चाक फार मोठं लावलंयस. सरळ रस्त्यावर पळते खरी, पण मोटरचा जीव जातो आणि बॅटरी पोळते. दोन दात कमीचं लाव. पंच्याऐंशी अंश झालंय बघ."

"तू कधी गाडी चालवली आहेस का?"

"नाही."

"मग उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

मोठं चाक मुतलक कसा काढणार? तंबूसमोरच्या सरळ पट्ट्यावर सगळ्यांना मागे टाकताना जो गलका व्हायचा, तो त्या चाकामुळे. शर्यत हरली तरी चालेल, पण गलका हवा.

मग एका शुक्रवारी ते घडलं. मुतलकची गाडी सरळ पट्ट्यावर आली, एकदम तिघांना मागे टाकून गेली, आणि कुंपणाशी उभ्या शम्लानच्या तोंडून निघून गेलं, "वा रे वा! काय पळतेय!"

पुढच्याच वळणावर गाडीतून धूर निघाला.

माचावरची सगळी डोकी एकदम शम्लानकडे वळली.

"शम्लान," अबू राकानने वरून विचारलं, "माशाअल्लाह म्हणालास का रे?"

कौतुक करताना माशाअल्लाह म्हटलं नाही तर दृष्ट लागते, असं तिथे मानतात. शम्लानचा चेहरा उतरला. "मनात म्हणालो."

"मनातलं बॅटरीला कसं ऐकू जाणार?"

लोक हसले, पण अर्धवट. मुतलक मात्र हसला नाही. त्याला आतून थंडगार समाधान वाटत होतं. आजवर दुकानदार, धूळ, ऊन असल्या किरकोळ वस्तूंवर दिवस ढकलले. आता दोन डोळ्यांचं, धडधाकट, समोर उभं असलेलं कारण मिळालं होतं. "माझ्या गाडीला दृष्ट लागली," त्याने माचावरून जाहीर केलं. "आता कळलं इतके दिवस बॅटरी का तापते ते! हा दर वेळी तो थर्मामीटर घेऊन तिच्याकडे रोखून बघतो!"

दृष्टीवर उतारा असतो. ज्याची लागली त्याच्या ओठांना लागलेलं काही मिळवायचं, पाण्यात कालवायचं, आणि बाधा झालेल्याला त्या पाण्याने धुवायचं. ज्याची दृष्ट त्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याचा अपमान होत नाही. मुतलकने तंबूत शम्लानला बोलण्यात गुंतवलं, त्याच्या पेल्यातला घोटभर उष्टा कहवा एका बाटलीत ओतून घेतला आणि घरी आणला. हा उतारा माणसांवर करतात, मुलांवर करतात, हौशी लोक उंटांवरही करतात. लिथियमच्या बॅटरीवर करणारा मुतलक पहिलाच.

उम्म दुऐज, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "गाडीला आंघोळ घालताय?"

"तुला नाही कळायचं."

"विजेच्या वस्तूवर पाणी ओतू नये एवढं कळतं हो मला."

गाडीतून तड्तड् आवाज आला, ठिणगी उडाली आणि आतलं निम्मं सामान जळालं. मुतलकने दोन पावलं मागे उडी मारली आणि तोंडाला ओढणी लावून हसणाऱ्या बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघितलंस? किती जबर दृष्ट आहे मेल्याची!"

एकदा गावाला कारण मिळालं की गाव ते वाया जाऊ देत नाही. शम्लान येताना दिसला की लोक गाड्यांवर टॉवेल टाकायला लागले. एकाच्या तंबूचा एसी बंद पडला, तेव्हा आठवलं की शम्लान त्याच्याखाली बसला होता. एकाच्या पुतण्याचं लग्न मोडलं. पुतण्या तिसऱ्यांदा दारू पिऊन सापडला होता, पण त्याच्या आदल्या आठवड्यात शम्लानने त्याचं अभिनंदन केलं होतं ना! आणि अबू राकान, जो मुतलकपेक्षा चांगली गाडी चालवायचा आणि हे सगळं थोतांड आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तोसुद्धा एकदा शेवटून दुसरा आला आणि हळूच म्हणाला, "काय सांगावं बाबा, असेलही."

शम्लान आधी थर्मामीटर आणायचा बंद झाला. मग काळा चष्मा लावून यायला लागला, नजर मातीत. एका शुक्रवारी तो तंबूत आलाच नाही. लांब, मोटारी लावतात तिथे अर्धा तास उभा राहिला आणि परत गेला. पुढच्या आठवड्यापासून तेही थांबलं.

मुतलकने गाडीतलं जळालेलं सामान बदललं आणि नवी बॅटरी आणली. शम्लान नाही, आता कोण अडवतोय! पहिल्या शुक्रवारी बॅटरी तापली. दुसऱ्या शुक्रवारी जास्त तापली. तिसऱ्या शुक्रवारी फुगून टम्म झाली, आणि मुतलक ती चिमट्यात धरून घरी घेऊन आला.

"आता हो?" उम्म दुऐज म्हणाली. "शम्लान बिचारा घरात कोंडून बसलाय. त्याची दृष्ट काय पोस्टाने आली?"

"लांबूनही लागते."

"मग बॅटरीलाच बरी लागते! तुमच्या पोटाला लागली असती तर चार किलो तरी उतरले असते." मग तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "त्याच्या बायकोच्या शेवटच्या आजारात मी भेटायला जायचे. तुमच्या त्या शुक्रवारखेरीज त्या माणसाला काही नाही. आणि तो तुम्ही घेतलात, एका चाकासाठी."

मुतलक रागावला. शम्लानचं म्हणणं साफ खोटं आहे हे बायकोला एकदाचं दाखवून द्यायचं, असं त्याने ठरवलं. मंगळवारी दुपारी तो एकटाच रिकाम्या मैदानावर गेला, दुसरी बॅटरी घातली, दोन दात कमीचं चाक बसवलं आणि गाडी सोडली. सरळ पट्ट्यावर ती जरा कमी पळाली. तीन मिनिटं झाली. चार झाली. पाच झाली. आता तापेल, मग तापेल म्हणून त्याने आणखी दोन मिनिटं दामटली. मग गाडी उचलून बॅटरीला हात लावला. दुपारच्या उरलेल्या भाकरीइतकी कोमट.

तो तिथेच मातीत बसला. छातीत काहीतरी जळजळत वर येत होतं. पित्त असावं असं त्याला आधी वाटलं, कारण लाज त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होती आणि ओळख पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र ती कमी होईना.

संध्याकाळी त्याने शम्लानचं दार वाजवलं. शम्लानने दार फटीइतकं उघडलं आणि मुतलकच्या चपलांकडे बघत म्हणाला, "बोल अबू दुऐज. आता कशाला दृष्ट लागली माझी?"

"काही नाही झालं. तू म्हणालास ते चाक बसवलं. सात मिनिटं पळाली." मुतलकनेही आपल्या चपलांकडे पाहिलं. "चूक माझी होती."

"काय म्हणालास?"

"ऐकलंयस तू. दोनदा नको म्हणायला लावू. शुक्रवारी ये. सगळ्यांसमोर सांगतो."

"नको रे. राहू दे. घरी बरा आहे मी."

"बरा कसला आहेस! भूत झालंय तुझं. ये म्हणतो ना. माझ्या गळ्याची शपथ."

शुक्रवारी शम्लान आला. अंगरख्याला कडक इस्त्री, काळा चष्मा घरी, आणि खिशात थर्मामीटर. तंबूत कुजबुज झाली, दोघांनी गाड्यांवर टॉवेल ओढले. शम्लान दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसला. त्याने मुतलककडे पाहिलं, अगदी सरळ पाहिलं.

मुतलक उभा राहिला. "मंडळी, ऐका. शम्लानची दृष्ट वगैरे काही नव्हती. मी चाक चुकीचं लावलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, मी ऐकलं नाही. वर त्याच्यावर आळ घेतला. चूक माझी आहे."

अबू राकान हळूहळू उठला, मुतलकजवळ गेला आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

"अबू दुऐज, बरं वाटतंय ना तुला?"

"मला काय धाड भरलीय? चूक माझी आहे म्हणतोय!"

"ऐकलंत?" अबू राकान वळला, त्याचा आवाज खरंच कापत होता. "तीस वर्षं ओळखतो मी याला. तीस वर्षांत हे शब्द याच्या तोंडून कोणी ऐकलेत?"

कोणीच ऐकले नव्हते. सगळ्यांची नजर दाराशी बसलेल्या शम्लानकडे गेली.

"बॅटरीवर होती ती दृष्ट माणसावर आली रे बाबा!" मागून कोणीतरी म्हणालं. "धरा त्याला!"

चौघांनी मुतलकला लोडावर आडवा केला. एकाने डोक्यावर रुमाल टाकला, दुसरा कानाशी प्रार्थना म्हणायला लागला. मुतलक हातपाय झाडत ओरडत होता, "अरे सोडा! चूक माझी आहे, माझी!" आणि जितका ओरडत होता तितके ते त्याला मायेने जास्त घट्ट धरत होते. आयुष्यभर त्याने सांगितलेली प्रत्येक सबब या लोकांनी मुकाट ऐकून घेतली होती. एकदा खरं बोलला, तर सहा माणसं छातीवर.

एक म्हातारा दाराशी आला. तो मुळात सज्जन. शम्लानच्या खांद्याला हात न लावता, पण अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, "भाऊ, राग मानू नकोस. तेवढं त्याच्याकडे बघू नकोस. त्याला त्रास होतोय."

"बरं," शम्लान म्हणाला, आणि ढिगातून आपल्या चपला शोधायला लागला.