सुमनताई आणि अडकलेला फोकस

“आता कुठं आले मी?” हा प्रश्न सुमनताई दिवसभर विचारायच्या, आणि तो संगणकाला असायचा. नारायणगावातल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या वेबसाइट तपासायच्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. कानात इअरफोन, बोटं कीबोर्डवर. टॅबची कळ दाबत त्या एका बटणावरून पुढच्यावर जायच्या आणि संगणक त्या जागेचं नाव वाचून दाखवायचा. आपण पानावर जिथं उभे असतो, त्या जागेला आमच्या धंद्यात फोकस म्हणतात.

टोमॅटोची गाडी बाजारात कधी आणायची, ती वेळ ठरवण्यासाठी आम्ही वेबसाइट केली. तिच्या कॅलेंडरात ताई शिरल्या आणि तिथंच फिरत राहिल्या. बाहेर पडायला माऊसच लागायचा.

“हे नीट झाल्याबिगर मी पास करणार नाय.”

“ताई, न दिसणारे शेतकरी येऊन येऊन किती येणार?” आमचे मालक पारसशेठ म्हणाले.

“मोजता कशाला? एक तुमच्यासमोर बसलीय. पिंपरी पेंढारच्या आमच्या रानातला माल मीच इकते.”

“मग दुसरं कुणी पास करील.”

ताईंनी इअरफोन गुंडाळून पिशवीत टाकले आणि नोकरी सोडून गेल्या. वेबसाइट तशीच सुरू झाली.

त्यानंतर गाडी भरायची असली की ऑफिसात फोन यायचा. “सुमन बोलते. कॅलेंडरात अडकलेय, भायेर काढा.” मी त्यांची वेळ नोंदवून द्यायचो. एकदा शेठनीच फोन घेतला. “घरात माऊस धरायला कुणी नाही का?”

“भाऊ हाय. पण माल माझाय, त्याला कशाला बोलवू? तुमी माऊस बाजूला ठेवा नि माझ्यासंगं चाला.”

शेठ खरंच टॅब दाबत निघाले. कॅलेंडरात गेल्यावर तेही तिथंच फिरत राहिले. शेवटी फोन ठेवून मला म्हणाले, “दुरुस्त कर हे.”

मी केलं. बाणांच्या कळांनी तारखांवर फिरायचं, एन्टर दाबलं की तारीख ठरणार, कॅलेंडर मिटणार आणि फोकस जिथून निघाला त्याच बटणावर परतणार. ताई ते तपासायला जीपनं आल्या. मध्येच थबकल्या तसा शेठनी माऊसकडं हात नेला.

“हात लावू नका,” त्या म्हणाल्या. गाडीची वेळ त्यांची त्यांनी नोंदवली.

“उद्यापासून कामावर या,” शेठ हळूच म्हणाले.

ताईंनी पिशवी खांद्याला लावली. “नाय शेठ. आज मी गिऱ्हाईक म्हणून आले व्हते.”