मोकळिकीचा रकाना

कोणता फोन घेऊ, असं आमच्या भावजींना विचारायची आता सोय राहिलेली नाही. विचारलंत तर म्हणतील, कोणताही घ्या, सगळे सारखेच. हे त्यांच्या तोंडून ऐकलं की मला भडभडून येतं. कारण 'सगळे फोन सारखेच' असं म्हणणाऱ्या एका शेजाऱ्याला याच भावजींनी एकदा जिन्यात अर्धा तास उभं करून फरक समजावला होता. बिचाऱ्याच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोटापाण्यासाठी ऑफिसांमधली झेरॉक्स मशीन दुरुस्त करायचे. खांद्याला हत्यारांची पिशवी, नखांत कायम काळी पूड. पण सगळा जीव अँड्रॉइड फोनमध्ये. इमारतीत त्यांना नावाने कोणी ओळखत नसे, सगळे 'सेटिंगवाले' म्हणायचे. कोणाला फोन घ्यायचा असला की तो आधी सेटिंगवाल्यांकडे यायचा, आणि भावजी वही काढायचे. दर वर्षी प्रत्येक कंपनी आपला सगळ्यात भारी फोन आणते ना, ते सगळे त्या वहीत ओळीने मांडलेले. कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन, वजन, असे रकाने. शेवटचा रकाना 'मोकळीक'. म्हणजे फोन आपल्या मालकाला किती बदलू देतो. चिन्हं हवी तिथे ठेवता येतात का, बाजूच्या बटणाला दुसरं काम लावता येतं का, कंपनीने आत कोंबलेला नको तो पसारा काढता येतो का, झालंच तर सगळं पुसून आपल्या आवडीचं आतलं सॉफ्टवेअर घालता येतं का. बाकी सगळीकडे पहिला आलेला फोन या रकान्यात नापास झाला की भावजी नाक मुरडायचे. म्हणायचे, घर आपलं आणि खुर्ची कुठे ठेवायची ते बिल्डर ठरवणार, असं कुठे असतं का?

त्यांचा स्वतःचा फोन तर दर आठवड्याला नवं रूप घ्यायचा. ताई म्हणायची, यांच्या फोनवरून कोणाला फोन लावायचा तर तो कसा लावायचा हे आधी यांनाच फोन करून विचारावं लागतं. मी तर सरळ भांडायचे. शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं पालकांशी हुज्जत घालून माझी जीभ चांगली धारदार झालेली आहे. मनात आलं की बोलून मोकळी. अहो, चाललंय ना नीट, मग कशाला हात लावता? ते हसायचे आणि माझाच फोन मागायचे, बघू जरा म्हणून. मी द्यायचे नाही.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. बावन्न वर्षांची होती. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून 'अं' शिवाय काही निघायचं नाही. अक्षरंही हरवली, त्यामुळे लिहून दाखवायची वाटही बंद. डावा हात तेवढा शाबूत राहिला. पाणी हवंय का, कूस बदलायची आहे का, दिवा बंद करू का, असं आम्ही एकेक विचारत बसायचो आणि ती वैतागून डोळे मिटून घ्यायची. दिवसभर सोबतीला एक मावशी ठेवल्या होत्या, त्याही रडकुंडीला यायच्या.

तेव्हा मात्र भावजींच्या सगळ्या उचापतींचं चीज झालं. महिनाभर ते एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागले होते: ताईच्या डाव्या हाताला कोणता फोन चालेल? चार भारी फोन निवडले, काही ओळखीच्यांकडून दोन-दोन दिवसांसाठी मागून आणले आणि खरोखर तिच्या हातात देऊन पाहिले. एकाच्या कडा वळलेल्या, तळवा लागला की भलतंच उघडायचं. एक इतका जड की मनगट कलायचं. तिसरा झकास होता, पण बॅटरी वाचवायच्या नादात मागे चाललेली कामं परस्पर बंद करून टाकायचा. चौथा टिकला. मोकळिकीच्या रकान्यात त्याला दहापैकी दहा दिले होते.

त्या फोनमधलं होतं नव्हतं सगळं त्यांनी काढून टाकलं. राहिली चार मोठी चित्रं. पेला, बाथरूमचं दार, वाकडं तोंड केलेला एक चेहरा, आणि खाली डावीकडे, अंगठा आपोआप टेकतो तिथे, भावजींचा फोटो. फोटो दाबला की थेट त्यांना फोन. बाकी चित्रं दाबली की फोन बोलायचा, तोही माझ्या आवाजात. माझा आणि ताईचा आवाज लहानपणापासून एकसारखा, आईसुद्धा फसायची. म्हणून भावजींनी मला कपाटाजवळ उभं करून म्हणून घेतलं: पाणी हवंय, बाथरूमला जायचंय, दुखतंय. 'दुखतंय' मला चार वेळा म्हणायला लावलं, जरा खरं वाटू दे म्हणाले. पाचव्यांदा सांगितलं तेव्हा मी चिडले.

ताई शिकली. दोन महिने लागले, पण शिकली. पहिल्यांदा तिने आपणहून पेला दाबला आणि खोलीत माझा आवाज आला, तेव्हा भावजी पाणी आणायचं सोडून तिच्याकडेच बघत बसले. तिने पुन्हा दाबला. मग ती एवढी तरबेज झाली की राग आला की 'बाथरूमला जायचंय' सात-सात वेळा दाबून मावशींच्या नाकी नऊ आणायची. घरात पुन्हा तिचा धाक बसला, आणि आम्हाला सगळ्यांना त्याचा आनंद वाटायचा.

पण भावजींची बोटं वळवळायची ती वळवळायचीच. चित्रं जरा मोठी करू, पेला मध्ये घेऊ, मागचा रंग बदलू. त्यांना ती सुधारणा वाटायची. ताईला मात्र दर वेळी आपल्याच घरात वाट चुकल्यासारखं व्हायचं. पेल्याच्या जागी दार आलं तर ती दारच दाबणार, कारण तिचं चित्राकडे लक्ष नसायचंच, अंगठ्याला जागा पाठ झालेली होती. एकदा अशीच तहानेने कासावीस होऊन ती रडली. त्या दिवशी मी भावजींना फैलावर घेतलं. त्यांनी माझ्यासमोर तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं, आता हात लावणार नाही. पाच महिने लावलाही नाही.

मग त्यांना भलत्या वेळी फोन यायला लागले. मशीन उघडून बसलेले असायचे आणि खिशात फोन वाजायचा, ताईच्या नंबरवरून. दोनदा जीव मुठीत धरून घरी धावत आले, तर ताई मजेत. हॅलो म्हणायचे, पलीकडे नुसता श्वास. मावशींना विचारलं तर म्हणायच्या, काही नाही हो, चुकून लागला असेल. कोणतं चित्र किती वाजता दाबलं याची नोंद त्या फोनमध्ये आपोआप व्हायची, ती सोय भावजींनीच केलेली. पंधरा दिवसांत एकतीस फोन. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले आणि निष्कर्ष काढला की फोन हातात धरताना अंगठा नकळत टेकतो. मग त्यांनी आपला फोटो वर उजवीकडे नेला, आणि त्या जागी फोनच्या पाठीवरच्या टॉर्चचा दिवा ठेवला. दिवा चुकून लागला तरी काही बिघडत नाही.

मी संध्याकाळी गेले तर ताई दिवा लावत होती आणि विझवत होती. माझं डोकंच फिरलं. कबूल केलं होतं ना तुम्ही, म्हणून तोंडाला येईल ते बोलले. भावजी शांतपणे म्हणाले, मागच्या बदलाला तिला बारा दिवस लागले होते, बारा दिवस थांब, सवय होईल.

नवव्या दिवशी ताई गेली. दुपारची वेळ होती. तिच्या गोळ्या संपल्या म्हणून मावशी खाली केमिस्टकडे गेल्या होत्या, तिथे गर्दी होती. पंचवीस मिनिटांनी परतल्या तेव्हा ताई उशीवरून कललेली होती, फोन तसाच हातात आणि भर दुपारी त्याचा दिवा चालू. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. शेजारी बसून असतात तरी काही करता आलं नसतं, असंही म्हणाले. भावजी त्या वेळी एका विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर मशीनखाली आडवे झालेले होते. त्यांचा फोन वाजलाच नव्हता.

माणसांची ये-जा संपल्यावर एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. स्वयंपाकघरात टेबलापाशी बसले होते, दाढी वाढलेली, समोर ताईचा फोन. नोंद उघडून माझ्यापुढे सरकवली. बारा वाजून एकेचाळीस, दुखतंय. पुन्हा, दुखतंय. सहा वेळा. म्हणजे त्या रिकाम्या खोलीत माझा आवाज सहा वेळा दुखतंय म्हणाला होता. त्याखाली दिवा. दिवा, दिवा, दिवा. मी मोजले. एकोणीस.

मी म्हटलं होतं तुम्हाला, असं मी म्हणेन याची ते वाट बघत होते. मान खाली घालून बसले होते. मी फोन टेबलावर पालथा घालून ठेवला.

"तिला वाटलं असेल, मी उचलत नाहीये," भावजी म्हणाले.

"नाही हो. तिला बरोबर कळलं असेल, यांनी परत काहीतरी हलवलंय. चोवीस वर्षांचा संसार आहे तुमचा."

त्यांना हसू आलं आणि तिथेच ते मोडले. मोठ्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाले, ते चुकून फोन लागत नसते तर मी हलवलाही नसता गं.

तेव्हा मला सांगावं लागलं. खरं तर दिव्याचं पाहिलं त्या संध्याकाळीच सांगायला हवं होतं. एवढी तडतडले, पण नेमकं तेवढं बोलले नाही, कारण नवरा-बायकोतली गंमत, आपण कशाला मध्ये पडा, असं वाटलं. शाळा सुटल्यावर मी यायचे आणि भावजी सातला परतायचे, त्या मधल्या वेळात मी पाहिलं होतं. ताई फोटो दाबायची, फोन कानाला लावायची, पलीकडून ते "काय गं, चुकून लागला का?" विचारायचे, आणि ती डोळे मिटून ऐकत राहायची. त्यांनी ठेवला की मगच फोन मांडीवर ठेवायची. चेहऱ्यावर लाज असायची, लग्न ठरलं तेव्हा होती तशी.

भावजींनी सगळं ऐकलं. मग फडताळातून वही काढली. एकतीस ओळी होत्या, प्रत्येकीपुढे त्यांच्या बारीक अक्षरात 'चुकून' लिहिलेलं.

"तू किती पाहिलेस?"

"तीन."

त्यांनी मला तारखा-वेळा विचारल्या. आठवून आठवून सांगितल्या, तेव्हा तीन ओळींपुढचं 'चुकून' त्यांनी खोडलं. पेन तसंच हातात धरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "आणि हे अठ्ठावीस?"

आता वर्ष होत आलं, पण मी गेले की थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून भावजी अजूनही तेच विचारतात.