सीटवरचं प्लास्टिक

त्यानं माझं आधार कार्ड हातात घेतलं. वाचलं. आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"गाडी नाई मॅडम. सर्व्हिसिंगले गेली."

गाडी त्याच्या पोर्चमध्ये उभी होती. पांढरी. नुकतीच धुतलेली, चाकांखाली पाणी होतं अजून. आदल्या दिवशी फोनवर हीच गाडी भाड्यानं ठरली होती. स्वतः चालवायला, दोन दिवसांसाठी. तेव्हा तो म्हणाला होता, "या ना मॅडम, घरचीच समजा." फोनवर नुसता माझा आवाज होता. आता कार्डावर आडनाव होतं. खाली गावाचा पत्ता. तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली.

मी म्हटलं, "ही काय, उभी आहे."

तो ओशाळलासुद्धा नाही. "तिकडं जंगलात देत नाई आम्ही. तुमच्या तिकडचे लोक कोणाले बसवून कुठी नेतीन, काय भरोसा? चंद्रपुरातला एखादा चांगला माणूस ओळखीचा आहे का? त्यानं सांगितलं तं देतो."

चांगला माणूस.

मी नाशिकला एका दवाखान्यात नर्स आहे. अकरा वर्षं झाली. लोक आपला बाप, आपलं लेकरू माझ्या भरवशावर टाकून घरी झोपायला जातात.

उठून निघून यायला हवं होतं. नाही उठले. कारण माय सरकारी दवाखान्यात बसली होती. तिच्या पोटात पाणी झालं होतं, लिव्हर संपलं होतं. डॉक्टर भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला कळतंच. घरी न्या. आजच न्या." अँब्युलन्स मिळत होती. मायच नको म्हणाली. ती माझ्याशी गोंडीत बोलायची, इथं तिचं बोलणं आमच्याकडच्या मराठीत सांगते. "झोपून गेली तं गाव समजन, मेली. मी बसून जाईन. तूच चालव." मी गाडी शिकले तेव्हाचा फोटो वहिनीच्या फोनवर होता. मायनं तो सगळ्या वॉर्डाला दाखवला होता.

म्हणून मी साहेबांना फोन लावला.

आठवी ते बारावी मी या साहेबांकडे होते, याच शहरात. 'शिकायला ठेवली आहे,' असं ते आल्यागेल्याला सांगायचे. शाळा होतीच. पण शाळेआधी भांडी, शाळेनंतर भांडी. येणं-जाणं मागच्या दारानं. माझा कप न्हाणीच्या खिडकीत. इतक्या वर्षांत एकदाही फोन केला नव्हता. नंबर मात्र पाठ होता. असलं विसरत नाही माणूस.

गाडीवाल्यानं माझा फोन स्पीकरवर टाकला. साहेब हसून बोलले, "हो हो, आमच्याकडेच होती ती. त्या लोकांतली आहे, पण चोरटा हात नाही तिचा. द्या गाडी."

मी म्हणाले, "थँक्यू साहेब."

हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कोणी नाही.

मग त्यानं आतून जाड प्लास्टिक आणलं आणि चिकटपट्टी. "पेशंट आहे म्हणता. अन् तुमच्या लोकाईचा तो वास बसते सीटात. मोहाचा, धुराचा. मंग निघतच नाई." प्लास्टिक माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लावून घ्या."

मी लावलं. गुडघे टेकून, कोपरे नीट दुमडून. दवाखान्यात बेडवर रबरशीट घालतात तसं. हाताला सवय होती.

पाच वर्षं राहिलेलं शहर, पण मला ते पायानं माहीत होतं. दूध आणायची गल्ली, शाळेची वाट, तलावाकडचा उतार. गाडीतून काहीच ओळखीचं वाटेना. जटपुरा गेटजवळ चुकीच्या बाजूनं शिरले. मागून हॉर्न. एकजण खिडकीशी बाईक आणून म्हणाला, "मॅडम, नवीन आहे का इथी?" मी हो म्हटलं. क्लच अनोळखी. कोळशाच्या ट्रकमागे गाडी दोनदा बंद पडली. दवाखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा ओढणी घामानं ओली झाली होती.

वहिनी मायला धरून उभी होती. मायनं नवं लुगडं नेसलं होतं. केसांना तेल. गाडी पाहून ती इतकी हसली की आजूबाजूच्या बायाही हसल्या.

ती पुढच्या सीटवर बसली. प्लास्टिक करकरलं.

"हे कायले टाकलं?"

"गाडी नवी आहे माय. नव्या गाडीले असतेच."

मूल गाव आलं, गेलं. पाठ टेकवली नाही तिनं. दोन्ही हात मांडीवर घेऊन, अंग चोरून बसली होती. चाळीस वर्षं तिनं तेंदूपानं तोडली, मोहफुलं वेचली, लोकांची धानरोवणी केली. तेंदूपानं मोजतात त्या फडीवर, धानाच्या सोसायटीत, कुठल्या साहेबासमोर ती अशीच बसायची.

मग सावली गावाच्या अलीकडे हळूच म्हणाली, "बाई, मी खराब नाई करणार वो सीट."

मला रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली. एप्रिलचं ऊन, एका चिंचेखाली थोडी सावली. वहिनीला म्हटलं, मायला जरा उचलून धर. आणि मी प्लास्टिक ओढलं. चिकटपट्टी निघेना, दातानं तोडली. पुढचं फाडलं, मागचंही फाडलं. वहिनी घाबरली. "तो माणूस काई म्हणन ना वो?" मायला परत बसवलं. तिनं तळवा सीटवर फिरवला. "मऊ आहे," म्हणाली. आणि पाठ टेकवली.

वैनगंगेच्या पुलावर तिनं काच खाली करायला लावली. गडचिरोली मागे पडली, जंगल लागलं, आणि ती बोलायला लागली. या नाल्यात तुझ्या बापानं मासे धरले होते. हा मोह अमक्याच्या आजाचा. गावात शिरलो तेव्हा बाया धावत आल्या. माय कुणाचा हात न धरता उतरली. चार पावलं चालली. मग खाली बसली.

दुसऱ्या दिवशी गाडी परत करायची होती. मायचे पाच दिवस उरले होते. त्यातला एक मी त्या माणसाच्या पोर्चमध्ये घालवला.

त्यानं दार उघडलं, डोकं आत घातलं, हुंगलं.

"प्लास्टिक?"

"फाडलं."

"कोणाले विचारून?"

त्यानं साहेबांना फोन लावला, पुन्हा स्पीकरवर. साहेब वैतागले होते. "अगं, सॉरी म्हण आणि मोकळी हो. तुझ्यापायी माझा शब्द जातो ना."

माझा आवाज चढला नाही. चढेल असं वाटलं होतं.

"साहेब, तुमचा शब्द मी मागितला, ती माझी चूक. सॉरी म्हणणार नाही. आणि तुमच्या घरी मी शिकायला नव्हते. भांडी घासायला होते. शिकले ते उरलेल्या वेळात."

पलीकडून फोन बंद झाला. गाडीवाला म्हणाला, "साहेबासंग असं बोलतेत का?"

मी म्हटलं, "सीट बघा. डाग दाखवा."

त्यानं बघितलं. डाग नव्हता. "वास तं येऊन राह्यला ना," म्हणाला.

"येणारच. माझी माय बसली होती तिथं."

चावी टेबलावर ठेवली आणि एसटी स्टँडकडे चालत निघाले.

माय गेली. दिवस झाल्यावर गाव अंगणात जमलं होतं. सगळे म्हणत होते, लेकीनं राणीसारखी आणली मायले. मला ते ऐकवेना. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वासाचं सांगितलं. थँक्यू म्हणाले तेही सांगितलं. वहिनी रडायला लागली. एक म्हातारा काका म्हणाला, "जाऊ दे पोरी. गाडी भेटली ना?"

राग त्याचा नाही आला. तो आयुष्यभर 'जाऊ दे' म्हणतच जगला. मला दुसरंच खात होतं. मायला कळलं होतं. प्लास्टिकवर बसताक्षणी कळलं होतं. आणि मी तिला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या, थुंकली असती, रडली असती. तो तिचा हक्क होता. मी खोटं बोलले, म्हणून अपमान केला त्यानं आणि माफी मागितली मायनं. माझ्याकडे.

याला माझ्याकडे औषध नाही.

नाशिकला निघण्याआधी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली. कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. साक्षीदार कोण, विचारलं. म्हटलं, मी. पुढं काय होईल माहीत नाही. कदाचित काहीच नाही.

पण भावाच्या पोरी मोठ्या होत आहेत. उद्या त्याही शहरात जातील. त्यांना कोणी उंबऱ्यावर अडवलं आणि त्यांनी मला विचारलं, आत्या, असं काऊन केलं त्यानं, तर मी गोड काही सांगणार नाही. जे आहे ते सांगेन, त्याच शब्दांत. त्यांना झोंबेल. झोंबू दे.